गोलकीपरांचं गाव

वीकएण्डला तेच लोणावळा, तेच महाबळेश्वर करून कंटाळलात? मग बारामती-इंदापूर रस्ता पकडा. भवानीनगर, लासुर्णे मागे टाकत उसातून पुढे गेलं की 'जंक्शन' लागतं. नाव जंक्शन, स्टेशन मात्र शोधू नका! इथून आत वळलं की वालचंदनगर.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात साखर कारखान्याभोवती वसवलेलं हे गाव, आमचं आजोळ. सुट्टीत कॉलनीच्या ग्राउंडवर फुटबॉल रंगायचा. दोन विटांमध्ये उभं राहायची ड्युटी पाहुण्याची, म्हणजे अस्मादिकांची. दहा बॉल अडवले तरी कुणी टाळी देणार नाही. अकरावा सुटला की अख्खी टीम अंगावर!

मी रडकुंडीला आलो की मामा ब्रह्मानंद शंखवाळकरचं नाव काढायचा. गोव्याचा हा गोलकीपर साळगावकर क्लबकडून वर्षानुवर्षं खेळला, भारताचा कॅप्टन झाला. १९८४ साली गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली ती स्पर्धेत एकही गोल न खाता, आणि गोलमध्ये उभा होता हाच. तरी अर्जुन पुरस्कारासाठी १९९७ उजाडलं आणि पद्मश्रीसाठी २०२२!

आणि ब्राझीलचा मोआसिर बार्बोझा? १९५०च्या वर्ल्ड कपमध्ये माराकाना स्टेडियमवर उरुग्वेच्या घिगियाचा एक शॉट त्याला चुकवून आत गेला. २००० साली तो वारला, तोवर लोक त्याला तोच गोल ऐकवत राहिले. बाकी सगळं करिअर खल्लास.

वालचंदनगरचंही थोडं असंच. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना एस-२०० बूस्टर होते. त्यांचे ३.२ मीटर व्यासाचे पोलादी भाग इथल्या कारखान्यात घडले, दाब देऊन तपासले गेले. जोड पक्का असला की कुणी वेल्डरचं नाव विचारत नाही. सुटला, तर देशभर बोंब.

१४ जुलै २०२३ला मी मामाकडेच होतो. कारखान्यातून कधीच रिटायर झालेला मामा टीव्हीसमोर बसलेला. रॉकेट उडालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या; मामा ढिम्म. दोनेक मिनिटांत बूस्टर जळून वेगळे झाले, तेव्हा कुठे तो मागे टेकला.

"हं, आता टाका चहा," मामीला म्हणाला.

सोमवारी ऑफिसला आलो आणि आमच्या टेस्टिंगवाल्या पोराला टपरीवर घेऊन गेलो. बिचारा विचारतो, "का रे, काही चुकलं का माझं?"