टाके घातल्यावरचे दिवस

खाडीपट्ट्यातून आलेल्या बाईला ‘सिगारेट ओढता का’ असं विचारण्यात अर्थ नसतो. ‘मशेरी लावता का’ असं विचारलं की उत्तर येतं, “ती काय, सकाळची थोडीशी.” माझ्या कामात ती थोडीशी मशेरी फार मोठी असते. तिच्यातल्या तंबाखूच्या निकोटिनमुळे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाची सैल कातडी कापून उरलेली ताणून शिवली, की तिच्या कडेपर्यंत रक्त आधीच जेमतेम पोचतं. त्यात मशेरी चालू असेल तर ती कड काळी पडते आणि मरते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे मशेरी बंद. बंद झाली नाही, तर मी तारीख देत नाही.

मी प्लास्टिक सर्जन आहे, काम मुंबईत. महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातलं तुडील माझं आजोळ, त्यामुळे त्या पट्ट्यातली माणसं हक्कानं येतात. बहुतेकींचं काम साधं असतं: जड कुड्यांनी ओघळून फाटलेली कानाची पाळी. अलीकडे मात्र मुली नाकासाठी, मुलगे केसांसाठी आणि दुबई-कुवेतहून सुटीवर आलेली मंडळी पोटाच्या चरबीसाठी विचारू लागली आहेत. ही इच्छा मी कधी हलकी समजत नाही. आरशातल्या एका गोष्टीनं माणूस वर्षानुवर्षं कुढतो, हे मी रोज पाहते. पण गरजेची शस्त्रक्रिया असो की हौसेची, जखमेला तो फरक कळत नाही. ती रक्तावर जगते आणि रक्त तुटलं की मरते.

संमतिपत्रावर सगळे धोके एकाखाली एक छापलेले असतात: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रण, भुलीची प्रतिक्रिया. माणूस सही करतो, कारण शंभरातला तो एक कोणीतरी दुसराच असणार असं त्याला वाटतं. म्हणून मी धोका दिवसांच्या आणि गावाच्या हिशेबात सांगते. पहिल्या रात्री तुम्ही कुठे असाल? पाचव्या दिवशी? तिसऱ्या महिन्यात?

चरबी काढताना त्या भागात बधिर करणारं लिडोकेन घातलेलं सलाइन भरतात. हे औषध चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं आणि त्याचं प्रमाण साधारण दहा ते चौदा तासांनी शिगेला पोचतं. सकाळी शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी पाठवलं, तर ती घटका मध्यरात्रीची. प्रमाण जास्त झालं असेल तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानात आवाज घुमतो, पुढे झटकेही येऊ शकतात. त्या वेळी शेजारी जागं कोण आहे, हा प्रश्न औषधाच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा. कातडीखाली रक्त साचायचं तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत साचतं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र पुढचे काही आठवडे राहतो, आणि गाडीत चार-पाच तास पाय लोंबकळत ठेवून महाड गाठणं म्हणजे तिला आमंत्रणच. पोटरी एकाच बाजूची दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली, तर टाक्यांच्या तारखेची वाट पाहायची नसते. जंतुसंसर्ग बहुधा पाचव्या-सहाव्या दिवसानंतर कळतो. अवजारं नीट निर्जंतुक केलेली नसतील, तर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले काही जंतू कित्येक आठवड्यांनी गाठी आणि पू घेऊन उगवतात. तोवर शस्त्रक्रिया झाली होती हेही घरचे विसरलेले असतात.

चेहऱ्याला भराव देणाऱ्या फिलरच्या सुईचं भय मला सर्वांत जास्त वाटतं, कारण लोकांना ती शस्त्रक्रिया वाटतच नाही. नाकाजवळ किंवा भुवयांच्या मधे ते द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित डोळा जातो. हायलुरोनिक आम्लाचं फिलर विरघळवणारं औषध आहे, पण डोळ्याच्या बाबतीत हाताशी मिनिटं असतात आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. शिकणाऱ्यांनाही अशी कामं सोपी वाटतात: केशरोपणासारखं काम कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं पुरेसं नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये लिहून सांगावं लागलं.

दिवसांचा हा हिशेब जुनाच आहे. आमच्या शास्त्राच्या इतिहासात पुण्याचा एक वृत्तांत प्रसिद्ध आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचं नाक, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीनं पुन्हा घडवलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं १७९४ मध्ये ते छापलं आणि त्याच आधारावर १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूनं लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सगळे कौतुक करतात ते कपाळावर मेणाचा साचा ठेवून आखलेल्या तुकड्याचं. मला त्याचं पुढचं वेळापत्रक मोलाचं वाटतं. चार दिवस काताच्या लेपाशिवाय काही लावायचं नाही, मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस उताणं निजवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती. भुवयांमधून रक्त आणणारा कातडीचा दुवा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तोडायचा, त्याआधी नाही. वृत्तांतात नाव नसलेल्या त्या माणसाला जखमेचे दिवस पाठ होते.

तुडीलच्या माणसासाठी या वेळापत्रकात पाऊसही धरावा लागतो. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, तेव्हा साध्या तापाचा रोगीसुद्धा गावाबाहेर काढणं कठीण होतं. तेव्हापासून त्या पट्ट्यातल्या कुणालाही हौसेच्या शस्त्रक्रियेसाठी मी जुलै-ऑगस्ट देत नाही. दिवाळीनंतर या, म्हणते. लग्न तोंडावर आलेल्या मुलीची आई नाराज होते, होऊ दे. तिला मी केलॉइडबद्दलही सांगते: कान, छाती, खांदा इथला व्रण आधी छान भरतो आणि काही महिन्यांनी फुगून उठतो, नुसता कापला तर पुन्हा वाढतो. घरात कुणाला तसा असेल तर आधीच सांगा.

जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांचे चेहरे आणि हात दुरुस्त केले, आणि सत्तरच्या दशकात महाडच्याच जिल्ह्यातल्या मांडव्याला गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं निदान गावातच होतं, हे मी त्यांच्या कामातून घेतलं. आता घरी सोडताना मी रुग्णाबरोबरच तिच्या सासूला किंवा बहिणीला समोर बसवते, गावच्या आशाताईंचा नंबर मागून घेते. व्हॉट्सॲपवर जखमेचा फोटो येतो, पण सावळ्या कातडीवरची लाली फोटोत दिसत नाही, ऊब तर नाहीच. म्हणून फोनवर सांगते: काकी, हात धुवा, टाक्यांच्या बाजूला बोटानं दाबा आणि सोडा. पांढरं पडलेलं दोनेक सेकंदांत भरतंय का? दुसऱ्या बाजूपेक्षा गरम लागतंय का? दाबल्यावर जास्त दुखतंय की कालच्यापेक्षा कमी?