मोहगावच्या कुंपणावरची शतावरी

नागपूरहून छिंदवाड्याच्या बसने निघावे. सावनेर मागे पडले की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते. पाट्या हिंदी होतात, पण बसमधल्या बायकांची बोली तीच राहते. सौसर आणि पांढुर्णा हा टापू एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. त्याच दिवशी आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे इथल्या माणसांना ‘तुम्ही घरात काय बोलता?’ हा प्रश्न नवा नाही आणि आपल्यालाही नाही! 2023 पासून या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला आहे.

माझी धाकटी नणंद सौसरजवळच्या मोहगावात दिलेली. अर्धनारीश्वराच्या देवळामुळे भाविकांना हे गाव ठाऊक असते. बाकी ओळख संत्र्याची. इथे ‘संत्री’ कोणी म्हणत नाही, ‘संतरा’ म्हणतात. मृगाचा पाऊस पडून आठवडा झाला होता. बागेच्या कुंपणाशी वन्सं वाकून काहीतरी खुडत होत्या. जवळ जाऊन पाहिले तर बोटाएवढे जाड, टोकाला निमुळते, जांभळट हिरवे कोंब. शहरातल्या मोठ्या दुकानात रबर लावून जुडी विकतात त्या ॲस्परॅगसचे हे बारीक भावंड. शतावरी!

दोन्ही एकाच कुळातल्या. दुकानातली ती विलायती. तिचे सरळ कोंब खाण्यासाठीच पिकवतात आणि लावल्यावर साधारण तिसऱ्या वर्षी नीट तोडणी सुरू होते. एकदा जम बसला की दहा-पंधरा वर्षे तेच गड्डे कोंब देत राहतात. पण तिला थंडीची विश्रांती आवडते. आपली शतावरी काटेरी वेल, उन्हाळाभर सुकल्यासारखी पडून राहते आणि पहिल्या पावसाला जमिनीतून डोके काढते. ज्याला आपण तिची पाने म्हणतो ती बारीक सुईसारखी हिरवी पाती खरे तर फांद्याच असतात. पाती उलगडण्याआधी आणि काटा कडक होण्याआधी कोंब खुडावा लागतो, म्हणजे हातात मोजके दिवस. कोंब मोडला तर काकडीसारखा कटकन तुटला पाहिजे. वाकला, तर तो निबर झाला, सोडून द्यावा.

हे खाणे काही मोहगावचेच नव्हे. सह्याद्रीतल्या आदिवासी वस्त्यांत पावसाळ्याच्या तोंडाला ही रानभाजी होते, कुमाऊंत हेच कोंब ‘कैरुवा’ म्हणून खातात, नेपाळात ‘कुरिलो’ म्हणून. आमच्या सासूबाई धारवाडच्या. त्यांना मी फोनवर सांगितले, तर लगेच म्हणाल्या, ‘अगं, ती हलवु मक्कळ तायि!’ म्हणजे अनेक लेकरांची आई. एका गड्ड्याला झुपक्याने लोंबणाऱ्या पांढऱ्या मुळ्या ज्याने पाहिल्या असतील त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. आपल्या ‘शतावरी’तही शंभर आहेतच, पण कन्नड नावात जी माया आहे ती मला जास्त भावते.

आणि घोळ आहे तो याच मुळ्यांचा. बाळंतिणीला दूध यावे म्हणून शतावरी कल्प देतात तो मुळ्यांपासून. औषधाला मागणी असते, म्हणून विकत घेणारा येतो तो मुळ्या मागतो. कोंबाला बाजारात कोण विचारतो? सातपुड्याच्या जंगलात लोकांनी वेली मुळासकट उपटल्या की पुढच्या पावसात तिथे कोंब येत नाही. नणंदेच्या घरीही हाच वाद चालला होता. बागेतली जुनी झाडे डिंक्याने एकेक करून वाळत होती. भावोजींचे म्हणणे, कुंपणाच्या वेली खोदून मुळ्या विकू, तेवढाच हात मोकळा होईल. त्यांच्या आईंचा आवाज ओसरीवरून आला, ‘मुया खोदल्या त पैसे येतीन, पन पुढच्या सालाले पोराईले खायाले काय देशीन? कोंब खुडाचे, मुयाले हात नाही लावाचा.’

मला दोघांचेही पटत होते. ज्याची बाग वाळते त्याला रानभाजीचे कौतुक सांगणे सोपे आहे!

मधला रस्ता आहे. मुळ्या काढताना सगळा गड्डा न उचलता, वरचा डोळ्यांचा भाग दोन-चार मुळ्यांसकट परत लावला तर वेल पुन्हा धरते. शिवाय बियांपासून वेगळी लागवड करून त्याच मुळ्या विकायला काढता येतात. त्याला दीड-दोन वर्षे थांबावे लागते आणि वाळवल्यावर मुळ्यांचे वजन पार उतरते, हेही भावोजींना ठाऊक होते. वाळलेल्या संतऱ्यांच्या जागी त्यांनी चार ओळी रोपे लावली आहेत.

भाजी वन्संनी चुलीवर केली. कोंब बोटभर कापून मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढले, त्याने कडवटपणा बराच जातो. मग तेलात लसूण, सुकी मिरची, कांदा, त्यात भिजवलेली मूगडाळ आणि शेवटी कोंब. झाकण अर्धेच ठेवायचे, नाहीतर रंग जातो. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली. किंचित कडू, मग मागून गोडसर. आपल्याकडच्या मज्जिगे हुळीतही हे कोंब छान लागतील असे मला वाटते, करून पाहा. मात्र फुलवाले गुच्छात घालतात ती नाजूक ‘ॲस्परॅगस फर्न’ म्हणजे ही नव्हे, ती खायची नाही. आणि कुंपणावरची वेल ओळखीच्या माणसाने दाखवल्याशिवाय खुडू नये. मुळ्यांचे औषध वैद्यांना विचारूनच घ्यावे.

येत्या हिवाळ्यात नव्या ओळींपैकी दोन खोदायच्या, असे तूर्त ठरले आहे. कुंपणाच्या वेलींबद्दल घरात अजून दोन मते आहेत. म्हातारबाई रोज संध्याकाळी काठी टेकत तिकडून एक फेरी मारून येतात.