बर्फाच्या शाळेतील एक प्रौढ विद्यार्थी

मनुष्याने कोणत्या वयात काय शिकावे, याविषयी आमच्याकडे शास्त्रापेक्षा शेजारीपाजारीच अधिक बोलतात. साठी उलटलेल्या गृहस्थाने सकाळी फिरावयास जावे, दुपारी ज्ञानेश्वरी उघडावी, तिन्हीसांजेस नातवंडांकडून परवचा म्हणवून घ्यावा, हे जणू ठरूनच गेलेले. त्यातून तो गृहस्थ आमच्यासारखा जन्मभर शाळेत संस्कृत शिकविलेला मास्तर असेल, तर त्याने आता काही नवे शिकावे ही कल्पनाच कोणास शिवत नाही. त्यामुळे २०२४ सालच्या फेब्रुवारीत, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आम्ही काश्मिरात गुलमर्ग येथे बर्फावरून घसरण्याची विद्या शिकून आलो, हे ऐकून आमच्या आत्याबाईंनी कपाळावर हात मारला व म्हणाल्या, "हाडंच मोडून घ्यायची होती, तर आपला जिना काय वाईट होता रे?"

वस्तुतः शिकण्याच्या इराद्याने आम्ही गेलोच नव्हतो. चिरंजीव, सूनबाई आणि अकरा वर्षांचा नातू यांचा बेत होता. आम्ही आणि सौ. सामान राखावयास. नातवाने ही विद्या शिकावी असे त्याच्या आईबापांचे मनात होते. परंतु पहिल्याच सकाळी त्या पांढऱ्या उतारापुढे उभा राहताच चिरंजीवांचे चिरंजीव अडून बसले. आम्ही नेहमीच्या आवाजात म्हणालो, "अरे, भिण्यासारखं त्यात काय आहे?" तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, तळ्यात पोहायला ढकललंत तेव्हाही तुम्ही काठावरून हेच म्हणाला होता. आज तुम्ही आधी उतरा." या युक्तिवादास उत्तर नव्हते.

दुसरेही एक कारण आतून टोचीत होते. मॅट्रिकनंतर आमचे शिक्षण पाठशाळेत झाले, आणि पुढे पस्तीस वर्षे आम्ही मुलांना कुमारसंभवाचा आरंभ शिकविला. अनंत रत्नांच्या आकर असलेल्या हिमालयास बर्फाचा एक दोष काही उणेपणा आणीत नाही, हा कालिदासाचा आशय आम्ही अन्वयासह, अलंकारासह फळ्यावर मांडीत आलो. पण ज्याविषयी बोलतो ते हिम आम्ही शीतकपाटाच्या वरच्या खणाखेरीज कोठे पाहिलेले नव्हते! न पाहिलेल्या वस्तूचे अधिकाराने वर्णन करण्याचा हा जो मास्तरकीचा धंदा, त्याचे थोडे प्रायश्चित्त घ्यावे, असे वाटले.

श्रीनगराहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गपर्यंत रस्ता सपाटीचा. तेथून पुढील १३ किलोमीटर देवदार जातीच्या उंच वृक्षांतून नागमोडी चढत जातो. चढ संपतो तोच झाडे मागे सरतात आणि समोर एक विस्तीर्ण, परातीसारखे पठार उघडते. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. 'मर्ग' म्हणजे कुरण. पूर्वी या स्थळास गौरीमर्ग म्हणत. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चक याने त्यास गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव दिले असे सांगतात. आम्ही पोहोचलो तेव्हा फुले कोठली! सर्वत्र एकच शुभ्र चादर, आणि तिच्यावर कांगडी पोटाशी धरून, फिरन पांघरून उभे असलेले स्लेजवाले.

ती चादरही त्या वर्षी मोठ्या नवसाने मिळालेली. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गाची कुरणे बर्फाविना तपकिरी, उघडी पडली होती. महिना सरता सरता बर्फ उतरले. तेथे भरावयाच्या हिवाळी खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धाही त्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या व २१ फेब्रुवारीपासून झाल्या. नीलमतपुराणात वर्षातील पहिल्या हिमपाताचा उत्सव सांगितला आहे, तो आम्ही पूर्वी कुतूहल म्हणून वाचला होता. पहिले बर्फ पडले म्हणून माणसांनी उत्सव का करावा, हे कोकणच्या पावसात वाढलेल्यास उमगले नव्हते. आमच्या शिक्षकाने जेव्हा सांगितले की, जानेवारीचे ते सारे दिवस तो घरी हात बांधून आभाळाकडे पाहत बसला होता, तेव्हा उमगले. मृगाच्या पावसाकडे आपला शेतकरी जसा पाहतो, तसाच तेथील मनुष्य बर्फाकडे पाहतो. त्यावर त्याची हिवाळ्याची चूल पेटते. आणि वसंतात तेच वितळून कालव्यांतून भातखाचरांत जाते.

आता या विद्येविषयी थोडेसे. 'स्की' हा शब्द नॉर्वेकडील आहे. त्याचा मूळ अर्थ चिरलेले लाकूड. उत्तरेकडील लोक हजारो वर्षे पायांस फळ्या बांधून बर्फ ओलांडीत आले. तो त्यांचा खेळ नव्हे, वहिवाट होती. १८८८ साली नान्सेन याने अशाच फळ्यांवरून ग्रीनलंड आडवे ओलांडले. त्याचा ग्रंथ वाचून झ्डार्स्की नावाच्या ऑस्ट्रियात राहणाऱ्या गृहस्थाने पस्तिशीच्या आसपास नॉर्वेहून फळ्या मागविल्या, एकट्याने अभ्यास केला, आणि आल्प्सच्या खड्या उतारांस योग्य अशी पद्धती बसवून १८९६ साली त्यावर पुस्तक लिहिले. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल यानेही १८९४ साली स्वित्झर्लंडात दाव्होसहून डोंगर ओलांडून आरोसा गाठले होते. तेव्हा तोही पस्तिशीत होता. ही दोन नावे आम्ही सौ.ना मुद्दाम सांगितली. त्या म्हणाल्या, "पस्तिशीत ना? मग तुमच्याहून तीस वर्षांनी लहान." हिंदुस्थानात ही विद्या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्यांबरोबर आली, १९२७ साली गुलमर्गातच त्यांनी स्कीमंडळ काढले.

भाड्याच्या दुकानात प्रथम बूट मिळाले. बूट कसले, पोटरीपर्यंतचे चिलखतच! घोटा त्यात मुळीच वाकत नाही. फक्त नडगी पुढे रेलता येते. ते घालून चालताना दशावतारातील राक्षसाची चाल आपोआप साधते. मग फळ्या, दोन काठ्या, डोक्यास टोप. आमचा शिक्षक टंगमर्गच्या खालच्या एका गावचा, बावीस वर्षांचा पोरगा. आमचा पेशा कळताच तो आम्हास 'मास्टरजी' म्हणू लागला. आम्ही त्याला 'उस्ताद' म्हणू लागलो. नात्याने तो नातवाच्या बाजूचा. पण ज्याच्यापाशी विद्या तो गुरू, हा नियम आम्ही इतरांस इतकी वर्षे सांगितला, तो आता स्वतः पाळणे आले.

पहिला पाठ पडण्याचा, आणि पडून उठण्याचा. फळ्या उताराच्या दिशेने ठेवून उठू गेल्यास मनुष्य उठण्यापूर्वीच निघून जातो. म्हणून प्रथम पाहावे की, येथे तांब्याभर पाणी ओतले तर ते कोणत्या वाटेने जाईल. त्या वाटेस फळ्या आडव्या कराव्यात, आणि मग उठावे. दुसरा पाठ, आडव्या पावलांनी खेकड्याप्रमाणे चढण्याचा. तिसरा, थांबण्याचा. फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची अंगे दूर नेली की, आतल्या कडा बर्फात रुततात, नांगराप्रमाणे बर्फ ढकलला जातो व वेग मरतो. वळावयाचे तर याच ठेवणीत एका पायावर भार द्यावा. उजव्यावर दिला की मनुष्य डावीकडे वळतो. इतके शास्त्र आम्ही पहिल्या तासातच समजून घेतले, आणि नातवास पुन्हा समजावूनही सांगितले.

पण या विद्येचा गाभा याहून चमत्कारिक आहे. उतार दिसला की भीतीने देह आपसूक मागे रेलतो. आणि मागे रेलले की फळ्यांच्या पुढच्या भागावरील भार सुटतो, त्या वळत नाहीत, थांबत नाहीत, उधळलेल्या घोड्याप्रमाणे धावत सुटतात. ज्या उताराची भीती वाटते, त्याच्याकडेच छाती झुकवावी, तरच तो ताब्यात येतो. हे वाक्य लिहावयास सोपे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी उस्तादांनी आम्हास टेकाडाच्या अर्ध्यावर नेऊन सोडले. चार हात बरे गेलो. मग वेग वाढला, आम्ही मागे रेललो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांच्या एका रांगेस मध्येच चिरून भुसभुशीत बर्फाच्या ढिगाऱ्यात कमरेपर्यंत गेलो. एक फळी आपोआप सुटली. पाय पिरगळू नये म्हणून तशी योजनाच असते. चष्मा मात्र बर्फात नाहीसा झाला. मुले खदखदा हसली. नातूही हसला.

उस्ताद धावत आले. आम्ही तिरसटून म्हणालो, की आम्हास सारे समजले आहे, पुन्हा सांगू नका. शरीर ऐकत नाही! तो पोरगा गुडघ्यांवर बसून बर्फात चष्मा चाचपीत होता. मान वर न करता म्हणाला, "मास्टरजी, आप समझ गए हैं। पैर को अभी मालूम नहीं है। पैर को थोड़ा टाइम दीजिए।"

वाचकहो, त्या थंडीतही आमच्या कानशिलांस ऊन लागले. फार वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. विभक्तीचा अर्थ तो नीट सांगे. पण 'राम' शब्द चालवावयास उभा केला की तिसऱ्या विभक्तीपाशी त्याची जीभ जड होई. "समजलं ना? मग म्हण!" हे आमचे ठरलेले वाक्य. तो उभा राही, मुले हसत, आणि आम्ही ते हसणे थांबवीत नसू. लाजेने तरी पाठ करील, असा आमचा हिशेब. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे आमच्या घरी विजेच्या तारा ओढावयास तोच आला. भिंतीस कान लावावा तसा हात लावून तारेची जागा ओळखी. काम चोख केले, पैसे घेताना आमच्या पाया पडला. त्या दिवशी आम्हास धन्यता वाटली होती. गुलमर्गाच्या बर्फात बसून मात्र तोच नमस्कार आठवला, आणि लाज वाटली. समजणे आणि येणे यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते आम्ही जन्मभर आळस समजत आलो. ते अंतर पाऊल पाऊल चालावे लागते, आणि चालणाऱ्यास कोणी हसू नये, एवढीच त्याची गरज असते.

चष्मा सापडला. तिसरा दिवस आम्ही केवळ दहा-बारा हातांच्या उतारावर घालविला. उस्ताद आमच्यापुढे पाठमोरे घसरत, दोन्ही हात पुढे धरून, आमच्याकडे तोंड करून जात. एका शब्दाने त्यांनी घाई केली नाही. संध्याकाळी सौ.सह टेकडीवरील महाराणीच्या शिवालयात गेलो. १९१५ साली बांधलेले ते लाल छपराचे देवालय दूरवरून दिसे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते आगीत भस्म झाल्याचे वाचले, तेव्हा सौ. बराच वेळ बोलल्या नाहीत.

एके दिवशी दोरावरून लटकत चालणाऱ्या गंडोला गाडीनेही वर गेलो. तिचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला व कोंगडोरीपर्यंत नेतो. २००५ साली सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत पोहोचतो. आकाश निरभ्र असल्यास तेथून नंगा पर्वत दिसतो. आम्हास दिसले ते ढग. वरून पटाईत मंडळी सरळ दरीत झेपावत होती. आम्ही मुकाट्याने गाडीनेच खाली आलो. आम्ही घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत, २२ फेब्रुवारीस, वरच्या उतारावर हिमलोट कोसळून एका रशियन प्रवाशाचा अंत झाला. म्हणून सांगतो, नवशिक्याने खालच्या पठाराची मर्यादा सोडू नये. आणि पटाईतानेही वाटाड्याचे ऐकावे.

शेवटच्या सकाळी ओढगाडीच्या दांड्यास धरून आम्ही टेकाडाच्या माथ्यावर गेलो. नातू केव्हाच खाली पोहोचून हात हलवीत होता. आम्ही पाण्याची वाट पाहून घेतली, नडग्या बुटांवर टेकविल्या, आणि छाती उताराकडे झुकविली. तीन वळणे घेतली. चौथ्याचा विचार करीत असता सपाटी आली. न पडता थांबलो! टाळी कोणी वाजविली नाही, कारण त्यात पाहण्यासारखे इतरांस काहीच नव्हते. उस्ताद एवढेच म्हणाले, "अब पैर को मालूम हो गया।" नातू जवळ येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, परवा मी हसलो, ते चुकलंच माझं." आम्ही म्हणालो, "तुला हसायला आम्हीच शिकवलं असेल."

ज्या वाचकांस हा उद्योग करून पाहावयाचा असेल, त्यांनी दोन महिने आधीपासून जिने चढून गुडघे तयार करावेत. वर पोहोचल्यावर एक दिवस नुसती विश्रांती घ्यावी. बर्फावरील उन्हासाठी काळा चष्मा विसरू नये. आणि प्रकृतीविषयी वैद्याचा सल्ला घेतल्याविना पाऊल उचलू नये. मोडण्याची भीती खरी आहे, तिला खोटे म्हणू नये.

परत आल्यावर आठ दिवसांनी आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्यास निरोप धाडला. दिवा बिघडला असेल म्हणून तो हत्यारांची पिशवी घेऊनच आला. त्यास बसविले, चहा दिला, आणि जे सांगावयाचे होते ते सांगितले. नीट सांगता आले असे नाही. तिसऱ्या विभक्तीपाशी आमचीच जीभ जड झाली. तो पेल्याकडे पाहत ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, मोजून किती वेळा पडलात?"

"सतरा वेळा," आम्ही म्हणालो.

तेव्हा तो हसला. आणि जाताना, न सांगता, जिन्यावरचा मिणमिणता दिवा दुरुस्त करून गेला.