घेण्याची वेळ

कर्जतच्या बाजारपेठेतील त्या धान्य-व्यापाऱ्याच्या घरी चौविहारामुळे सूर्यास्तापूर्वीच भोजन आटोपते. दिवेलागणीनंतर दुकान वाढवले की माडीवर आजोबा आणि नातू यांच्यात बुद्धिबळाचा पट मांडला जातो. ज्या घरात भाजी ‘कापत’ नाहीत, ‘सुधारतात’, तेथे प्यादेही ‘मारत’ नाहीत, ‘घेतात’.

आजोबांची आवडती सुरुवात क्वीन्स गॅम्बिटची. दोन्ही बाजूंची वजिरापुढील प्यादी समोरासमोर उभी राहिली की पांढरा शेजारचे, उंटापुढील प्यादे काळ्याच्या तोंडाशी आणून ठेवतो. ते लगेच न घेता काळ्याने राजापुढील प्यादे एक घर सरकवून आपल्या प्याद्याला आधार द्यावा, ही जुनी, भारदस्त रीत. 1927 साली ब्यूनोस आयरीस येथे कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जगज्जेतेपदाचे 34 डाव झाले. त्यांपैकी 32 डावांत हीच रचना होती.

परंतु आज घेतले नाही म्हणजे कधीच घ्यायचे नाही, असे नव्हे. खरी कसोटी वेळेची आहे. काळ्याने घाई केली, तर पांढऱ्याचा राजाकडील उंट घरातून निघून एकाच चालीत ते प्यादे परत घेतो व मोक्याच्या जागी बसतो. तोच उंट आधी एक घर पुढे आल्यावर काळ्याने प्यादे घेतले, तर त्याला पुन्हा उठावे लागते; एका चालीचे काम दोन चालींत होते. ती वाचलेली चाल काळ्याच्या जमेस पडते. पांढराही हे जाणून असतो. म्हणून तो उंट न हलवता हत्ती सरकवतो, वजीर पुढे आणतो. काळाही कडेचे प्यादे एक घर सरकवून वाट पाहतो. मात्र फार काळ थांबणेही धोक्याचे. पांढऱ्यानेच मधले प्यादे घेतले, तर ती संधी संपते.

गेल्या भाद्रपदात नातवाने चौथ्याच चालीला प्यादे उचलले. आजोबांनी उंटाने ते परत घेतले आणि पटावरची नजर न काढता एक जुनी गोष्ट सांगितली.

ते नुकतेच गादीवर बसू लागले होते. खालापूर तालुक्यातील एका भातशेतकऱ्याकडे उधारी होती. मुदत आषाढातच संपली होती. वहीप्रमाणे हक्क निर्विवाद होता. भाद्रपदात ते वसुलीला गेले, तेव्हा भात पोटरीवर आले होते. दोन महिन्यांत खळ्यावर रास पडणार, हे दोघांनाही दिसत होते. तरीही त्यांनी आग्रह धरला. शेतकऱ्याने दुभती म्हैस विकून रुपयान् रुपया चुकता केला. दिवाळीनंतर त्याचे भात खोपोलीच्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेले, आणि कर्जतच्या दुकानाची पायरी तो पुन्हा कधी चढला नाही.

पुढील वर्षी संवत्सरीला आजोबा त्याच्या ओटीवर गेले आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाले. त्याने बसायला घोंगडी दिली, पाणी दिले. गोठा अजून रिकामाच होता. तो म्हणाला, “शेठ, पैसे तुमचेच होते. दोन महिने तेवढे माझे होते.”

नातवाने विचारले, “मग त्यांनी माफ केलं का?”

“त्यांनी पाणी दिलं,” आजोबा म्हणाले. “खातं मात्र पुन्हा उघडलं नाही.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा पट मांडला गेला. तीच सुरुवात, तेच प्यादे तोंडाशी. नातवाचा हात त्याच्याकडे गेला, थांबला, आणि त्याने कडेचे प्यादे एक घर पुढे सरकवले. आजोबांनी हत्ती हलवला. नातू पुन्हा थांबला. अखेर राजाला किल्ल्यात न्यायचे म्हणून आजोबांना तो उंट घराबाहेर काढावाच लागला.

मग नातवाने प्यादे घेतले.