दुभाष्या

आमच्या गावात ‘ड्रायव्हर’ हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांसमोर खाकी कपड्यांतला एसटीचा ड्रायव्हर उभा राहतो. तो दिसतो, हॉर्न वाजवतो, स्टँडवर चहा पितो आणि गाडी उशिरा आली तर लोकांची बोलणीही खातो. संगणकातल्या ड्रायव्हरच्या वाट्याला यातले फक्त शेवटचे येते. एरवी तो कुठे बसतो, काय करतो, याची कोणी चौकशी करीत नाही. तो बेपत्ता झाला म्हणजे मात्र सगळ्यांना त्याची आठवण होते. आणि खरे पाहिले तर तो काही हाकतही नाही. तो आहे दुभाष्या.

संगणकाला जोडलेले प्रत्येक यंत्र आपापली बोली बोलते. प्रिंटरची एक, स्कॅनरची दुसरी, आणि दोन कंपन्यांचे प्रिंटर शेजारी ठेवले तर त्यांचेही एकमेकांशी जमेलच असे नाही. संगणकाचा कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली, मग ती विंडोज असो, लिनक्स असो की मॅकओएस, तिला या साऱ्या बोली कशा कळाव्यात? म्हणून प्रत्येक यंत्रासाठी एक प्रोग्रॅम मध्ये बसवतात. ‘हे पान छाप’ हा हुकूम तो यंत्राच्या बोलीत सांगतो आणि ‘कागद संपला’ ही यंत्राची तक्रार उलट दरबारात रुजू करतो.

१६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाष्या होता. तो इंग्रजांच्या चाकरीत होता. इतिहासाच्या तासाला हे ऐकताना माझे लक्ष वकिलापेक्षा या दुभाष्यावरच खिळे. दोन्हीकडचे बोलणे त्याच्या एकट्याच्या जिभेवर. मग तो कोणाचे मीठ खातो याला केवढे महत्त्व! संगणकातल्या दुभाष्यालाही हाच प्रश्न विचारावा, म्हणजे तिन्ही प्रणालींमधला फरक आपोआप उलगडतो.

कोणी म्हणेल, मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्याने ही उठाठेव कशाला करावी? त्याचे उत्तर असे की आमच्या घरची चूल या दुभाष्यांवर पेटते. तालुक्याच्या गावी, कचेरीसमोर, अण्णांचे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. सातबारा, दाखले, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे अर्ज, जे काही कागदावर येते ते आमच्या काचेवरून जाते. दुकानातला स्कॅनर जवळजवळ माझ्याच वयाचा. त्याची काच अजून स्वच्छ, दिवा अजून प्रखर. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले, म्हणून अण्णांनी कर्ज काढून विंडोज ११ असलेला नवा संगणक घेतला. आणि त्या दिवशी स्कॅनर मुका झाला.

कारण साधे होते. जुन्या संगणकात ३२-बिटचे विंडोज होते आणि स्कॅनरच्या कंपनीने दुभाष्या दिला होता तोही ३२-बिटचाच. ६४-बिटच्या विंडोजच्या गाभ्यात ३२-बिटचा ड्रायव्हर चालत नाही आणि विंडोज ११ ची ३२-बिटची आवृत्तीच निघालेली नाही. कंपनीला नवा ड्रायव्हर लिहिणे अशक्य नव्हते. पण विकून झालेल्या मालासाठी कोण पदर झिजवतो? तिने नवा स्कॅनर घेण्याचा सल्ला दिला. अण्णा काचेवरून हात फिरवत म्हणाले, “अरे, यंत्र धडधाकट आहे. मग मेलं कोण?”

मेला होता दुभाष्या. आणि तो कंपनीच्या पगारावर होता.

विंडोजच्या राज्यात बहुतेक व्यवस्था अशीच आहे. यंत्र ज्याचे, दुभाष्याही त्याचा. याचे फायदे थोडे नाहीत. त्याआधी, डॉसच्या जमान्यात, प्रत्येक प्रोग्रॅमला आपापले प्रिंटर-ड्रायव्हर बाळगावे लागत. वर्डपर्फेक्टमध्ये छापणारा प्रिंटर दुसऱ्या प्रोग्रॅमला ओळखही देत नसे. विंडोजने एकच दुभाष्या सर्वांना पुरेल अशी सोय केली. विंडोजचे गिऱ्हाईक जगभर, म्हणून बाजारात येणारे यंत्र त्याच्यासाठी ड्रायव्हर घेऊनच येते. शिवाय, एकदा लिहिलेला ड्रायव्हर पुढची अनेक वर्षे तसाच चालावा अशी काळजीही मायक्रोसॉफ्ट पुष्कळ घेते. पण अधूनमधून दरबाराचे रिवाजच बदलतात. २००७ साली विंडोज व्हिस्टा आले तेव्हा असेच झाले आणि कितीतरी चांगले प्रिंटर व स्कॅनर अडगळीत गेले. दुभाष्याची विद्या सीलबंद असते. मालकाने मनावर घेतले नाही तर दुसरा कोणी ती शिकवू शकत नाही.

मॅकची तऱ्हा एखाद्या सोवळ्या घरासारखी. संगणक अॅपलचा, प्रणाली अॅपलची, आतले बहुतेक दुभाषेही घरचेच. त्यामुळे भांडण कमी. बाहेरच्या प्रिंटरसाठी अॅपलने २००२ पासून ‘कप्स’ ही मुळात लिनक्स-युनिक्सच्या जगात वाढलेली छपाईची व्यवस्था स्वीकारली, आणि २०१० साली एअरप्रिंट आणून वेगळ्या ड्रायव्हरची गरजच पुष्कळशी संपवली. म्हणजे दुभाष्या नेमण्यापेक्षा सगळ्या प्रिंटरांनाच एक प्रमाणभाषा शिकवायची! पण या घराचेही नियम कडक. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीने ३२-बिटचे सगळे प्रोग्रॅम एका झटक्यात उंबऱ्याबाहेर काढले. घरमालकाने उठ म्हटले की उठायचे.

तिसरे लिनक्स. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली, तेव्हा आपल्याजवळ आहे त्या जातीच्या हार्डडिस्कशिवाय बहुधा दुसरे काही यात कधी चालणार नाही, असेही त्याने सांगून टाकले होते. आज तीच प्रणाली खिशातल्या अँड्रॉइड फोनपासून मोठमोठ्या महासंगणकांपर्यंत चालते. हे कसे घडले? येथे बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या मूळ संहितेतच नांदतात. ती संहिता उघडी असते. कोणीही वाचावी, कोणीही दुरुस्त करावी. गाभ्यात काही बदल करायचा झाला तर बदलणाऱ्यानेच त्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हर सुधारून द्यायचे, असा तिथला शिरस्ता आहे. दुभाष्या कंपनीच्या पगारावर असो वा नसो, त्याची विद्या गावाच्या चोपडीत लिहिलेली असते.

अण्णांचा जुना संगणक मी माळ्यावरून काढला, त्यावर लिनक्स घातले आणि स्कॅनर जोडला. ‘सेन’ या नावाचा स्कॅनर-ड्रायव्हरांचा एक मुक्त संच असतो. त्यात आमच्या स्कॅनरचा दुभाष्या आधीच हजर होता. ना सीडी, ना शोधाशोध. दिवा लागला आणि सरकू लागला. कुठल्याशा देशातल्या कोणा अनोळखी माणसाने वर्षांपूर्वी आपल्या गरजेपोटी ते काम केले असेल, आणि त्याचे फळ आमच्या कचेरीसमोरच्या दुकानात पडले. या संचातले काही ड्रायव्हर कंपन्यांनी माहिती दिली म्हणून लिहिले गेले आहेत, तर काही यंत्राचे बोलणे चोरून ऐकून, अंदाज बांधत. न कळणाऱ्या भाषेच्या मुलखात जाऊन व्याकरण लिहून आणणाऱ्या माणसांचेच हे गोत्र.

पण एकाची स्तुती करताना दुसऱ्या बाजूचा हिशेब झाकू नये. अंगठा घेण्याचे जे यंत्र दुकानात आहे, त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेलाच नाही. म्हणून आता आमच्या टेबलावर दोन संगणक आहेत: अंगठ्याला विंडोज, स्कॅनरला लिनक्स. जिथे कंपन्या माहिती देत नाहीत तिथे लिनक्सवाल्यांचे हाल होतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांवरून २०१२ साली फिनलंडमधल्या एका भाषणात टोरवाल्ड्सने त्या कंपनीला उघड उघड शिवी हासडली. कंपनीने गाभ्यातल्या ड्रायव्हरची संहिता खुली केली ती २०२२ मध्ये. आणि लिनक्समध्येही सर्वांना अमरपट्टा मिळत नाही. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याचेच पाठबळ २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून बंद झाले. फरक एवढाच की जुनी संहिता कोणी जाळून टाकलेली नाही. हवी त्याने काढावी आणि चालवावी.

या साऱ्या चळवळीच्या मुळाशीही एक प्रिंटरच आहे, हे कळले तेव्हा अण्णा मनापासून हसले. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडके. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम हाताशी होता, म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात सुधारणा करून, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर सूचना जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची संहिता मात्र मिळेना. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी, कोणाला देणार नाही असे वचन दिल्याचे सांगून नकार दिला. तो नकार स्टॉलमनना जिव्हारी लागला. पुढे १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला, त्यामागे या अनुभवाचाही हात होता.

आता या विषयाचा मराठीच्या विद्यार्थ्याशी संबंध काय, ते सांगतो. आमच्या काचेवर कधीकधी मोडीतले जुने कागद येतात. वाटणीपत्र असते, खरेदीखत असते. कागद शाबूत, शाई ठळक. घरातल्या एकालाही त्यातले अक्षर लागत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात तर असे रुमालच्या रुमाल आहेत. तरीही मोडी मेली नाही, कारण ती कोणा एकाची गुपित मिरास नव्हती. तिची अक्षरे छापील पुस्तकांतून शिकता येतात, तिचे वर्ग चालतात, आणि २०१४ साली तिला युनिकोडमध्येही जागा मिळाली. ही लिपी एखाद्या पेढीने कुलपात ठेवून पेढीबरोबर बुडवली असती, तर किती शेतांच्या बांधांचे पुरावे मुके झाले असते!

म्हणून मला वाटते, विंडोज श्रेष्ठ की लिनक्स की मॅक, हा वाद कट्ट्यावर घालण्यापुरता ठीक आहे. विकत घेताना विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. या यंत्राची बोली कुठे लिहून ठेवलेली आहे का? ते सर्वमान्य प्रमाणभाषा बोलते का? की कंपनीचा माणूस उठून गेला म्हणजे ते मुके होणार? यंत्र कधी मोडीत काढायचे हे ज्याने पैसे मोजले त्याने ठरवावे, ही मागणी काही फार मोठी नाही. अण्णांनी परवा दुकानासाठी नवा प्रिंटर पाहिला. किंमत विचारण्यापूर्वी त्यांनी दुकानदाराला विचारले, “हा लिनक्सवर चालतो का हो?” दुकानदार गोंधळला. पण दहा गिऱ्हाइकांनी असेच विचारले, तर अकराव्याच्या वेळी त्याच्याजवळ उत्तर असेल.