कर्त्यावाचूनची वाक्ये

प्रशासनाची मराठी हा फार तर थट्टेचा विषय आहे, साहित्याच्या अभ्यासकाने गंभीरपणे वाचावे असे त्या भाषेत काही नाही, असा एक समज मराठी विभागांतून रूढ आहे. वस्तुतः ज्या संहितांनी मराठीच्या अध्यापकाचे आयुष्य प्रत्यक्षात घडते, त्यांत कविता-कादंबऱ्यांपेक्षा नियुक्तिपत्रे, परिपत्रके आणि शासन निर्णय यांचाच वाटा मोठा असतो. या संहितांनाही शैली असते, त्यांचाही एक गृहीत वाचक असतो, आणि कोणत्याही संहितेप्रमाणे त्याही काही माणसांना आत घेतात व काहींना बाहेर ठेवतात. सेवानियम आणि कर्मचाऱ्याला मिळणारा आधार हा केवळ आस्थापना शाखेचा प्रश्न मानला गेल्यामुळे त्याचे हे भाषिक अंग दुर्लक्षित राहिले.

महाड-पोलादपूरच्या परिसरात या अंगाकडे पाहण्यास विशेष कारण आहे. प्रशासनाची भाषा घडवण्याचा एक मोठा जाणीवपूर्वक प्रयत्न ज्या राजधानीशी निगडित आहे, तो रायगड महाड तालुक्यातच आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांच्या नावे सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने दहा वर्गांत राज्यकारभारातील फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. राज्याचा नोकर ज्या शब्दांनी ओळखला जातो त्या शब्दांवर राज्याचे स्वरूप अवलंबून असते, ही जाण त्या उपक्रमामागे होती. स्वतंत्र महाराष्ट्रात १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनामे आणि प्रशासनिक संज्ञा निश्चित करण्याचे काम पुढे चालवले. शब्द बदलले, मात्र वाक्याची घडण कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न राहून गेला.

ही घडण मराठीच्या अध्यापकाला चांगली परिचित असते. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) चालत आलेली प्रयोगांची चर्चा तो वर्गात शिकवतो, क्रियापद कोणाचे अनुसरण करते, कर्त्याचे की कर्माचे, हे फळ्यावर उलगडून दाखवतो. वर्गाबाहेर त्याच्या हाती पडणाऱ्या कागदावर मात्र ‘नियुक्ती देण्यात येत आहे’, ‘सेवा संपुष्टात आणण्यात येत आहेत’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ अशी वाक्ये असतात. या वाक्यांतून कर्ता लोपलेला असतो. नियुक्ती कोणी दिली, सेवा कोणी संपवली, प्रस्तावाचा विचार नेमके कोण करीत आहे, याचे उत्तर वाक्यात नसते. त्यामुळे दाद मागायची झाली तर ती कोणाकडे मागावी, हेही वाक्य सांगत नाही. निर्णय व्यक्तीचा नसून पदाचा व नियमाचा आहे, हे सुचवणारी ही शैली लहरी अधिकाऱ्यापासून कर्मचाऱ्याचे काही अंशी संरक्षण करते, हे मान्य करावे लागेल. पण तीच शैली कर्मचाऱ्याला एकटेही पाडते.

या एकटेपणाचे रूप पाहायचे असेल, तर महाडहून पोलादपूरकडे सकाळच्या एसटीने निघणारी मराठीची अध्यापिका डोळ्यांसमोर आणावी. ती कोणी एक नव्हे. कोकणातल्या अनेक विभागांतून ती दिसते. तिच्यापाशी एम. ए.ची पदवी आहे, ती सेट उत्तीर्ण आहे, पीएच.डी.चा प्रबंध अर्धा झाला आहे. तिची नेमणूक ‘तासिका तत्त्वा’वर आहे. विभागात पूर्णवेळ अध्यापक एक, क्वचित दोन; रिक्त पदाचा कार्यभार तासांत वाटून दिलेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन सांगितले. तासिकेवरच्या अध्यापिकेच्या वाट्याला त्याच्या जवळपास निम्मे तास येतात, कारण त्याहून अधिक दिले तर ती पूर्णवेळ कर्मचाऱ्यासारखी दिसू लागेल. उरलेला निम्मा उदरनिर्वाह ती दुसऱ्या महाविद्यालयात शोधते. उन्हाळ्याच्या सुटीत तिची नेमणूक संपते आणि नव्या वर्षी नव्या मुलाखतीनंतर ती पुन्हा ‘नवीन’ होते. सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले की व्याख्यान होत नाही. जे व्याख्यान झाले नाही त्याचे मानधनही नसते. पूर्णवेळ अध्यापकासाठी पूर ही आपत्ती असते; तिच्यासाठी ती आपत्तीही असते आणि वजावटही.

तिच्याविषयीच्या शब्दांचा विचार केला तर परिस्थिती अधिक स्पष्ट होते. कायम अध्यापकाला मिळते ते वेतन. तिला मिळते ते ‘मानधन’. ज्या शब्दात मान अगोदर आणि धन नंतर येते, तो शब्द दोन्ही सर्वांत कमी असलेल्या माणसासाठी योजला गेला. मानधन हे मुळात स्वखुशीने दिलेल्या सेवेबद्दल कृतज्ञतेने द्यावयाचे द्रव्य. त्यात श्रमाचे मोल ठरवून मागण्याचा हक्क गृहीत नाही. म्हणून ते उशिरा आले तर ती थकबाकी न ठरता प्रतीक्षा ठरते. ‘रजा’ हा शब्दही बोलका आहे. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमती, मर्जी असा आहे. सेवानियमांच्या दीर्घ इतिहासाने या मर्जीचे हळूहळू हक्कात रूपांतर केले. २०१८ च्या नियमावलीत स्त्री अध्यापकांसाठी १८० दिवसांची प्रसूती रजा आणि दोन वर्षांपर्यंतची बालसंगोपन रजा नमूद झाली. अभ्यास रजेचीही तरतूद त्यात आहे. पण तासिकेवरच्या अध्यापिकेसाठी शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थाकडे जातो. तिची रजा ही विभागप्रमुखाची मर्जी असते. ती मिळाली तरी त्या दिवसांचे मानधन मिळत नाही.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाचा फायदा हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांनाही मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात दिला. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या स्त्रीला जे लागू झाले, ते वर्गात व्याकरण शिकवणाऱ्या स्त्रीला लागू होऊ नये, असे कोणी सहसा म्हणणार नाही. तरीही पुढच्या जूनमधील नेमणूक ज्याच्या हाती आहे, त्याच्यापुढे हा निर्णय घेऊन उभे राहणे तिला परवडत नाही. हक्क आहे, तो सांगणारी संहिता आहे. संहितेपासून माणसापर्यंतची वाट मात्र नाही.

ही वाट कशी तयार होते, हे महाडइतके स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या गावाने पाहिले असेल. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव संमत झाला. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळ्याच्या वापरास आपली हरकत नाही, असे ठरवले. ‘हरकत नाही’ ही शब्दयोजना नीट वाचण्यासारखी आहे. तीत नकार नाही. पण तळ्यावर कोणी कोणाला सोबत न्यावे, अडवणाऱ्याला कोणी थोपवावे, याविषयीही एक अक्षर नाही. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि पाणी होते तसेच राहिले. १९२७ च्या मार्चमधील परिषदेसाठी जमलेल्या लोकांकरिता ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, हे या ‘हरकत नाही’वरचे सर्वांत नेमके भाष्य होय. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या वाक्याला प्रथमच कर्ता मिळाला. त्याची किंमत लोकांनी त्याच दिवशी मार खाऊन मोजली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण न्यायालयांतून फिरत राहिले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ साली आला.

ऑस्टिनच्या वाक्कृतीच्या विवेचनात काही वाक्ये केवळ सांगत नाहीत, ती कृती घडवतात, असे म्हटले आहे. मात्र त्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य परिस्थिती आणि पूर्ण पार पाडलेली रीत आवश्यक असते. ठराव ही या वर्गातली वाक्ये. महाडचे उदाहरण या सिद्धान्तात एक भर घालते. वाक्य उच्चारणाऱ्याकडे अधिकार असणे पुरेसे नसते; ज्याच्यासाठी ते उच्चारले गेले, त्याला ते वापरता यावे लागते, आणि वापरण्याचा धोका त्याने एकट्याने पत्करू नये, याची व्यवस्था असावी लागते. त्या दिवशी तळ्याकडे कोणी एकटा गेला नव्हता, हे येथे विसरता येत नाही.

तळ्यावर येण्यापूर्वी आंबेडकर स्वतः या अनुभवातून कर्मचारी म्हणून गेले होते. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत ते रुजू झाले. परदेशी विद्यापीठाची पदवी आणि संस्थानाची नेमणूक या दोन्ही गोष्टी हाती असूनही शहरात राहायला जागा मिळाली नाही. नेमणुकीच्या कागदात निवासाचा प्रश्न नव्हता, म्हणून तो कोणाचाच नव्हता. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. तेथे अध्यापकांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याचे भांडे त्यांनी वापरण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. प्राध्यापकपदाने वर्ग दिला, वेतन दिले. पाण्याचे भांडे मात्र सहकाऱ्यांच्या मर्जीवर राहिले. सेवेच्या अटी जेथे संपतात तेथून विभागातले आयुष्य सुरू होते, आणि कर्मचाऱ्याचे खरे स्थान तेथेच ठरते. चवदार तळ्याचा प्रश्न त्या शिक्षककक्षात अगोदरच उपस्थित झालेला होता, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

याच परिसरातील दुसरी घटना आणखी एका शब्दाचा विचार करायला लावते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरकडे सहलीला निघालेली बस पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० जण मृत्युमुखी पडले, एक वाचला. एका विद्यापीठाच्या कार्यालयांतील इतक्या खुर्च्या एकाच सकाळी रिकाम्या झाल्या. सेवानियमांना कर्तव्य आणि रजा हे दोन रकाने ठाऊक असतात. सहकाऱ्यांनी एकत्र सहलीला जाण्याचा दिवस त्यांत नीट बसत नाही. अशा मृत्यूनंतर कुटुंबासमोर जी भाषा येते, तिच्यात सानुग्रह अनुदान, वारस, गट ‘क’, गट ‘ड’, प्रतीक्षासूची असे शब्द असतात, आणि त्या सर्वांच्या शिरोभागी ‘अनुकंपा’. दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कंपित होणे, हा त्या शब्दाचा अर्थ. प्रशासनाच्या कोशात याहून मानवी शब्द दुसरा नसेल. त्या दिवशी पावसात दोर बांधून दरीत उतरलेल्या पोलादपूर-महाबळेश्वरकडच्या तरुणांच्या बाबतीत तो शब्दशः खरा होता. अर्जाच्या नमुन्यात तोच शब्द आला की त्याला मुदत, गट आणि अनुक्रमांक लागतात. हे टळणारे नाही. मर्यादित पदे वाटायची तर क्रम लागणारच. पण अर्ज घेऊन येणाऱ्या बाईला कोणता कागद कमी आहे हे सांगणारा, तिच्यासोबत दुसऱ्या टेबलापर्यंत जाणारा एखादा माणूस त्या कार्यालयात असला, तर नियम तोच राहूनही शब्दाचा अर्थ थोडा परत येतो.

याचा निष्कर्ष नियम निरर्थक आहेत आणि चांगली माणसे पुरेशी आहेत, असा काढला जाण्याचा धोका आहे. मराठी विभागांना हा भाबडेपणा आवडतो. ज्येष्ठ प्राध्यापक एसटीच्या वेळा पाहून तासिकेवरच्या अध्यापिकेला वेळापत्रकात सोयीचे तास देतात, स्वतःच्या नावावर ग्रंथालयातली पुस्तके काढून देतात, तिच्या प्रबंधाची प्रकरणे वाचतात. हा आधार खरा असतो आणि अनेकींचे संशोधन केवळ त्यावर तगले आहे. तथापि ज्येष्ठ निवृत्त झाले की तोही निवृत्त होतो. शिवाय त्याची परतफेड मूकपणे करावी लागते: परीक्षेची कामे, संमेलनाचे संयोजन, मूल्यांकन समितीसाठी रात्री तयार केलेल्या फायली. या कामांना तास नसतात, म्हणून मानधनही नसते. १९९४ च्या आणि पुढे २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमाने तक्रार निवारणाची व न्यायाधिकरणाची तरतूद केली, ती अशा मर्जीवर विसंबावे लागू नये म्हणूनच. १९९१ नंतर नेट-सेटविना नेमल्या गेलेल्या अध्यापकांच्या सेवा नियमित करणारा शासन निर्णय २०१३ च्या जूनमध्ये निघाला, तोही त्यांच्या संघटनेने दोन दशके वाक्याचा पाठपुरावा केल्यानंतर. व्यक्तीचा चांगुलपणा आणि नियमाचे संरक्षण यांतले एक निवडावे लागते, अशी मांडणीच चुकीची आहे.

मराठी विभागाला याबाबतीत स्वतःच्या विद्येतून करता येण्यासारखे एक साधे काम आहे. विभागाच्या बैठकीचे इतिवृत्त ही त्याची स्वतःची संहिता आहे. ती कोणत्या प्रयोगात लिहावी, यावर मंत्रालयाचे बंधन नाही. ‘मानधनाचा प्रश्न उपस्थित करण्यात आला’ असे लिहिण्याऐवजी तो कोणी, कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत न्यायचा, हे तेथे लिहिता येते. तासिकेवरच्या अध्यापिकेने केलेले तासाबाहेरचे काम तिच्या नावानिशी नोंदवता येते; उद्या अनुभवाच्या दाखल्यासाठी तोच पुरावा ठरतो. तिला बैठकीस बोलावता येते, आणि ती उपस्थित असताना तिच्याविषयी ठरवता येते. प्रसूती रजेची मागणी तिने एकटीने करावी, याऐवजी ती विभागाचे पत्र म्हणून जाऊ शकते. यांतल्या कोणत्याही गोष्टीला जादा अनुदान लागत नाही. सही करणाऱ्याला आपले नाव वाक्यात घालावे लागते, एवढेच.