बजेट दोन लाख, हवाय ट्रॅक्टर!

सेकंडहँड बाइक घ्यायची म्हटलं, की ऑफिसातले दहा जण सल्ला देतात. सेकंडहँड कारसाठी तर अख्खा व्हॉट्सअॅप ग्रुप कामाला लागतो. पण सेकंडहँड ट्रॅक्टर? 'तू कुठे चालवणारेस?' एवढं विचारून सगळे हसतात.

काटोलजवळ आमची चार एकर संत्र्याची बाग आहे. बैलजोडी थकली, विकली. नवी जोडी घ्यायची तर तिचं रोजचं चारापाणी करणारं माणूस हवं. फवारणीसाठी भाड्याचा ट्रॅक्टर सांगावा, तर पाऊस उघडला की सगळ्या गावाला तो एकाच दिवशी हवा असतो. बाबा साठीचे. एकदा फोनवर म्हणाले, "यंदा फवारणी वेळेवर नाही झाली, तं बाग काढून टाकू बेटा." आवाजात राग अजिबात नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

त्यांची आणि माझी शिल्लक मिळून दोन लाख जमत होते. नव्याचा विचार केला नाही असं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि सरकारी अनुदानही नव्या यंत्रालाच मिळतं. पण उरलेल्या रकमेचं कर्ज काढायला बाबा तयार नव्हते. हप्ता काही संत्र्याचा भाव पाहून येत नाही!

मग घरात पेटला खरा वाद. मोठे बाबा म्हणाले, "घ्याचा तं 45 एचपीचा घे. दारात उभा दिसला पाह्यजे. एवढुसा ट्रॅक्टर म्हणजे काय खेळणं हाय?" त्यांच्या बाजूनेही मुद्दा होता. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना नागपुरातच आहे. मोठ्या मॉडेलचे पार्ट आणि मिस्त्री आमच्याकडे गावोगावी मिळतात.

पण बाग काही मोकळं वावर नाही. आमची झाडं 20 बाय 20 फुटांवर आहेत, म्हणजे एकरात शंभरच्या वर. झाडं मोठी झाली, की दोन ओळींमधल्या 20 फुटांतले किती तरी फूट फांद्याच खाऊन टाकतात. मोठा ट्रॅक्टर आत घातला, तर फांद्या मोडतात. संत्र्याची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात. तिथे वजनदार यंत्र फिरलं तर माती दाबली जाते, खोल नांगरलं तर मुळं तुटतात. त्यात आमची काळी माती! पावसाळ्यात चाक रुतलं, की फवारणी राहिली बाजूला, आधी ट्रॅक्टर काढा. त्यामुळे 15 ते 18 एचपीचा, अरुंद मिनी ट्रॅक्टर हे माझं मत पक्कं झालं. युवराज 215, स्वराज 717, व्हीएसटी शक्ती 180 ही नावं मला मोबाइलच्या मॉडेलसारखी पाठ झाली.

पहिला सौदा फारच गोड होता. 'मोठा ट्रॅक्टर घ्या, रोटाव्हेटर सोबत फुकट.' पण पाच फुटी रोटाव्हेटर आमच्या बागेत फिरवायचा कुठे? आणि मिनी ट्रॅक्टरला तो झेपतही नाही. अवजार ट्रॅक्टरच्या ताकदीचंच हवं. फुकट आहे म्हणून नको.

ओळखीचे एक मिस्त्रीकाका सोबत यायचे. त्यांचा पहिला नियम म्हणजे सकाळी, न सांगता जायचं. "गरम इंजिन सगळ्यायचंच गोड बोलते," ते म्हणायचे. विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवलं असेल, तर बॉनेटला हात लावून परत फिरायचं. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का ते बघायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणातून भकाभका धूर आला, तर इंजिनचं काम निघणार. मागे अवजार लावून वर उचलायचं, इंजिन बंद करायचं. ते भराभर खाली बसलं, तर हायड्रॉलिकचा खर्च. पीटीओ फिरवून बघायचा, कारण आमचा फवारणीचा पंप त्याच्यावरच चालणार. आणि तासांच्या मीटरवर भरवसा ठेवायचा नाही! ब्रेक-क्लचचे पेडल गुळगुळीत झालेत का, हे बघायचं. मीटर बदलता येतं, पण पेडलची झीज कोण लपवणार?

कागदपत्रांचं खातं माझं. आरसी बुकवरचा चेसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी ताडायचा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, की नाव लगेच बदलून घ्यायचं. 'नंतर करू' म्हणणाऱ्याला नमस्कार.

शेवटी एक मिनी मिळाला. रंग उडालेला, सीट फाटलेली, इंजिन ठणठणीत. दोन लाखांना ठरला. टायर आणि किरकोळ दुरुस्तीला 25 हजार लागले, ते मी दोन लेखांच्या मानधनाची वाट बघत कसेबसे जमवले. मी एक्सेल शीट काढली. वर्षाला दीडशे तास धरले, तर पाच वर्षांत साडेसातशे. म्हणजे तासाला 300 रुपये, डिझेल वेगळं. नांगरटीसारख्या जड कामाला मोठा ट्रॅक्टर भाड्यानं आणायचा.

बाबांनी शीटकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाले, "फवारणीच्या दिवशी कोणाची वाट पाहा लागणार नाही नं? मग झालं." खरं होतं त्यांचं. तासाचा भाव माझ्या समाधानासाठी होता. त्यांना हवी होती ती वेळ. पाऊस उघडला की त्याच दिवशी औषध मारता येणं, एवढंच.

गावाकडून 'काय घेऊ रे?' असा फोन तुम्हालाही येत असेल. नुसते पैसे ट्रान्सफर करू नका. किती एकर, कोणतं पीक, दोन ओळींत अंतर किती आणि काम नेमकं कुठल्या दिवसांत अडतं, हे आधी विचारा. मोठे बाबा अजूनही त्याला खेळणंच म्हणतात. पण परवा त्यांनीच बाबांना विचारलं म्हणे, "आमच्या बागेत कधी पाठवतं?"